ताकातलं काळं मीठ
माझ्या हातच्या ताकासारखं ताक अख्ख्या मद्रासेत कुणाला जमत नाही, असं मी सांगत फिरायचो. त्याच ताकानं माझ्या बहिणीची ठरलेली सोयरीक मोडायला आली. काल सुनेनं काकडीवर काळं मीठ भुरभुरलं, तो वास नाकात गेला नि जुना राग परत डोक्यात चढला. तेव्हा मी सौकारपेठेत एका मारवाड्याच्या दुकानात पोती उचलायचो. शेठ ताकात काळं मीठ नि भाजलेलं जिरं घालायचा, ते पिऊन पिऊन मी स्वतःला आचारी समजायला लागलो. साखरपुड्याला नवऱ्याकडची माणसं तंजावरहून आली, पानावर सांबार-भात झाला, नि मी कुणाला न विचारता ताकाच्या पातेल्यात मूठभर काळं मीठ टाकलं. त्याला उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. नवऱ्याच्या बापानं पेला तोंडाशी नेला नि तसाच खाली आपटला. "अंडी शिजतात होय तुमच्या घरात?" आमच्यात अंड्याचं नाव काढलं तरी चूल धुतात. नीट सांगायचं सोडून मी मिठाचा खडा म्हाताऱ्याच्या नाकाखाली धरला नि ओरडलो, "हुंगा! मीठ ओळखता येत नाही नि सोयरीक करायला आलेत!" झालं, सगळे पानावरून उठायला लागले. तेवढ्यात बहीण आतून आली, सगळ्यांदेखत पेलाभर ताक प्यायली नि म्हणाली, "मीठच आहे, मामंजी. वास मात्र घाण आहे खरा." म्हातारा हसला, बसला. मी तरीही ओरडतच होतो. अजूनही चिडून तोंड उघडलं की तिचं तेव्हाचं बोलणं ऐकू येतं, "दादा, लग्न माझं मोडतंय नि बोंबलतोयस तू. गप उष्टी काढ."