शत्रूला पाणी कसं पाजतात

मी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि वडूजच्या एस.टी.तून गावच्या थांब्यावर उतरलो तो थेट मेजर झालो. आमच्याकडे ही बढती फुकट मिळते. पेटी घेऊन परत आलेला प्रत्येक जण मेजर, मग तो तोफेवर असो नाहीतर लंगरात भाजी चिरायला. संध्याकाळी पारावर आम्ही दहाबारा मेजर बसतो. खरा मेजर आमच्यात एकही नाही.

सरकारला आमची आठवण वर्षातून दोनदा येते, झेंडावंदनाला. सीमेवर काही खुट्ट झालं की तिसऱ्यांदा येते. तेव्हा पुढाऱ्यांच्या अंगात येतं. ज्यांना पक्षाच्या तिकिटाची वाट बघत चार दिवस गप्प बसवत नाही, ते "एकदा काय ते होऊनच जाऊ द्या" म्हणून माइकवर ओरडतात. होऊ द्या म्हणणाऱ्यांची मुलं पुण्यात बंगल्यात असतात, आणि जायची पाळी आमच्या वस्तीवरच्यांची. हे बोललं की लोक म्हणतात, मेजर आता म्हातारे झाले. झालोच आहे.

आमची वस्ती गावापासून दीड मैल, माळावर. गावात नळ आला, वस्तीवर त्याची पाइपलाइन 'मंजूर' आली. मंजूर होऊन इतकी वर्षं झाली की मंजूर हे पाइपच्या एखाद्या जातीचं नाव असावं असं मला वाटायला लागलंय. तोवर ओढ्याकडेच्या हातपंपावरून हंडा आणायचा. माझी कंबर फौजेनेच निकामी ठरवून मला घरी पाठवलेलं, त्यामुळे आणते बायको. तिचा उजवा गुडघा गेलाय. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्यावर वजन देऊ नका, नाहीतर वर्षभरात अंथरूण धरावं लागेल. ती म्हणाली, "मग डोक्यावरच देती की." डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात सीमेवर गरमागरमी झाली आणि पक्षाचे मोठे साहेब गावात सभेला येणार असं ठरलं. सरपंच सकाळीच घरी आले. "मेजर, तुमचा सत्कार ठेवलाय. सगळी मेडलं लावून या. दोन मिनटं लढाईवर बोला, पर पाण्याचं काढू नगा बरं का. साहेब खुशीत असलं म्हंजी पाइपचा अर्ज मी सोता त्यांच्या हातात देतो."

मी कबूल झालो. आयुष्यभर हुकूम पाळलेल्या माणसाला नाही म्हणायची सवयच राहत नाही. कोट काढला, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. बायकोने मेडलं चिंचेने घासून दिली. तेवढ्या पाण्यासाठी ती मला दोन शब्द बोललीही.

सभा दणक्यात झाली. साहेबांनी शाल घालताना मला कर्नल केलं. अजून पाच मिनिटं बोलले असते तर मी जनरल होऊनच खाली उतरलो असतो. मग त्यांनी माइक हातात धरला आणि आवाज चढवला. "या शत्रूला आम्ही असं पाणी पाजू, असं पाणी पाजू, की त्याच्या सात पिढ्या आठवण काढतील!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मंडपात पिण्याच्या पाण्याचं एक पिंप होतं, ते साहेब यायच्या आधीच रिकामं झालेलं. तरीही लोक टाळ्या वाजवत होते, आणि मीही वाजवल्या. त्याची मला आजही लाज वाटते.

टाळ्या थांबल्या तशी बायकांच्या बाजूने एक जण गुडघ्यावर हात रेटून उभी राहिली. आमचीच. "आवं सायब," ती म्हणाली, "त्येला पाजून उरलं तर आमच्या वस्तीवर बी धाडा की थोडं."

मंडप हसला. सरपंचांचं तोंड उतरलं; अर्ज गेलाच म्हणायचा. साहेब मात्र मुरलेले. "ताई, आधी देश, मग आपण!" असं म्हणून त्यांनी माइक माझ्या हातात दिला. "आता कर्नलसाहेबच सांगतील, शत्रूला पाणी कसं पाजतात ते."

मी उठलो. तयार केलेलं भाषण खिशात होतं, ते खिशातच राहिलं. मला सीमेवरचा तो डोंगर दिसायला लागला, आणि ज्याच्याविषयी घरीही कधी बोललो नव्हतो तो माणूस.

"पाजलंय मी," मी म्हणालो. "वर ठाण्यावर पाणी नव्हतं. बर्फ वितळवून एका माणसाला दिवसाला एक बाटली. आमी त्यांचा एक जवान धरला, मांडीत गोळी लागलेला. माझ्याच वयाचा आसंल. त्यो एकच शब्द बोलला, पानी. सुभेदारसाहेबांनी मान डोलावली, मी माझी बाटली त्याच्या तोंडाला लावली. माझं मनगट घट्ट धरून त्यो निम्मी बाटली प्याला. शत्रूला पाणी पाजणं लय सोपं हाय, साहेब. बायकोला पाजायचं तेवढं मला जमलं न्हाई अजून."

सगळ्यांच्या आधी साहेबांनीच टाळी वाजवली. काय कळलं त्यांना, देव जाणे. अर्ज त्यांच्या हातात गेला, तो त्यांनी मागच्या माणसाला दिला, त्याने त्याच्या मागच्याला. पुढे किती माणसं होती ते मला दिसलं नाही.

आठ दिवसांत वस्तीच्या फाट्यावर काहीतरी आलं खरं. पाइप नव्हे, फलक. त्यावर हात जोडलेले साहेब कमरेपर्यंत, कोपऱ्यात मेडलं लावलेला मी, आणि माझ्या तोंडी ठळक अक्षरांत: 'शत्रूला पाणी पाजणं लय सोपं हाय!'

फाटा म्हणजे हातपंपापासून बरोबर निम्मी वाट. बायको तिथे हंडा उतरवून गुडघा चोळते. एकदा मी सोबत होतो. तिने फलकाच्या सावलीत हंडा ठेवला आणि एकेक अक्षर लावत ते वाचलं.

"तुमी फुडं माझं बी बोलला हुता न्हवं?"

"व्हय. जागा पुरली नसंल."

"येवढ्या मोठ्या फलकावर?" ती म्हणाली, आणि हंड्याला हात लावायला मला खूण केली.