खिडकीची खोली

आमची मुलगी मे महिन्यात त्र्यंबक रस्त्यावरच्या शिबिरात असते. पालकांच्या भेटीचा वार रविवार, म्हणून आम्ही दोघं शनिवारीच जाऊन शेजारच्या घरगुती लॉजवर उतरतो. तिथल्या मावशी किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून फिरतात आणि पाहुण्याचं नाव विचारण्याआधी "पोराचं शिबिरात कितवं वरीस?" असं विचारतात.

पहिल्या वर्षी मुलगी फोनवर रडली होती. तिला घरी आणायचंच, असं बायकोनं ठरवलं होतं. शिबिराच्या मैदानाकडे खिडकी असलेली खोली रिकामी होती, तरी मावशींनी आम्हाला मागची दिली.

"पहिल्या वर्साच्या आईला ती नाय देत मी. आधी जेवा, मग उन्हं उतरली की अंजनेरीला फिरून या."

नागलीच्या भाकरीवर त्यांनी न विचारता दोनदा आमरस वाढला. फिरून दमलेली बायको रात्री शांत झोपली, रविवारी मुलीला भेटली आणि तिला न घेताच परतली.

यंदा तिसरं वर्ष. मावशींनी खिडकीच्या खोलीची किल्ली आपणहून हातात ठेवली. खाली मैदानात मुलगी दोरीला लोंबकळत खिदळत होती. आम्ही हात हलवून दमलो, पण तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

चहा घेऊन आलेल्या मावशी हसल्या. "कोणाचंच पोर बघत नाय, ताई. पहिल्या वर्सी आईला हे सोसत नाय. ती धावत खाली जाते."

"खिडकी लावू का?" मी बायकोला विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली आणि चहाचा कप घेऊन तिथेच बसली.