धुरपताची बंद खोली

रोहणा गावात कोणाची लेक बाळंतपणाला माहेरी आली की पहिलं बोलावणं धुरपताबाईला. बाळाला तेल लावणं, न्हाऊ घालणं तिच्याकडे. पण त्याआधी खोली बंद करणं. खिडकीच्या फटींत चिंध्या, दाराखाली गोणपाट, छपराच्या भोकांत कागदाचे बोळे. बाळंतिणीला वारा बाधला तर ती जन्मभर डोकं धरून बसते, यावर तिच्यापुढे वाद चालत नसे. नर्सबाईचं नाव कोणी काढलं की म्हणायची, "नर्स दवाखान्यात. इथं मी हाय." हा तोरा तिला शोभायचाही. निम्मं गाव तिच्या हातून न्हालेलं.

यंदा तिची स्वतःचीच लेक आतल्या खोलीत होती. चंचल, आणि तिची आठ दिवसांची मुलगी.

ती खोली धुरपताच्या नवऱ्याने, चंद्रभानने, बांधलेली. तो खाणीत दगड फोडायचा. जवळच्या टेकडीचा दगड आणून त्याने भिंती उभ्या केल्या, जमिनीला तिथलाच मुरूम टाकला. तीस वर्षं दोघं तिथं निजले, वाऱ्याच्या धाकाने खिडकी कायम बंद ठेवून. गेल्या हिवाळ्यात फुफ्फुसाच्या कर्करोगाने तो तिथंच गेला. बिडीला कधी शिवला नव्हता माणूस. खोकला वाढला तेव्हा वारा लागू नये म्हणून धुरपताने खिडकी शेणामातीने लिंपूनच टाकली होती. ती अजून तशीच होती.

त्याच हिवाळ्यात यामिनी नावाची कॉलेजची मुलगी दहा घरांत एकेक प्लास्टिकची डबी टांगून, तीन महिन्यांनी काढून घेऊन गेली होती. धुरपता ते विसरलीही. आज दुपारी ती मुलगी कागद घेऊन ओसरीवर आली.

"आजी, जमिनीतून अन् दगडातून एक वायू निघते. वास नाई, रंग नाई. मोकळ्या घरातून निघून जाते, बंद खोलीत साचून राह्यते. बरीच वर्षं श्वासात गेला तर फुफ्फुसाले धोका. दहा घरांत तुमच्या आतल्या खोलीतल्या डबीचा आकडा सगळ्यांत जास्त हाय."

"काऊन? आमच्याच घरी काऊन?"

"खिडकी बंद होती म्हणून. दगड तर सगळ्यांकडेच हाय."

 धुरपता खांबाला धरून खाली बसली.

"मंग चंचलच्या बापाले... मीच मारलं का वं?"

यामिनी घाबरली. "नाई आजी, तसं कोणीच सांगू शकत नाई. खाणीतली धूळ होती, दुसरं बी काही असू शकते. आठ दिवसांत बाळाले काही होत नाई. घाबरू नका, फक्त खिडकी उघडा." असं दोनदा बजावून ती गेली.

आणि भीती मागे ठेवून गेली. जे दिसत नाही, त्याच्याशी भांडायचं कसं? धुरपताला गावातल्या एकेक खोल्या आठवू लागल्या. किती फटी तिने स्वतःच्या बोटांनी बुजवल्या होत्या! आत मुलगी शिंकली. ते ऐकून धुरपता उठली.

तिने चंद्रभानची हातोडी काढली. खिडकीवरचं लिंपण फोडताना मातीची ढेकळं पायावर पडत होती. चंचल दचकून उठली. "माय, काय करून राह्यली? वारा लागन ना पोरीले!"

"लागू दे," धुरपता म्हणाली. 

लिंपणामागची खिडकीची फळी निघाली. भस्सकन थंड वारा आत आला आणि मुलीच्या कपाळावरचं जावळ हललं. धुरपताने सवयीने धावत जाऊन तिचे कान दोन्ही तळव्यांनी झाकले. खिडकी लावून घ्यावी असं तिला फार वाटलं. ती उठली नाही. हात न काढता ती तशीच बसून राहिली आणि मुलीचा एकेक श्वास मोजू लागली.