भिंतीचं ऊन

कामावरची माणसं कमी झाली की किस्से वाढत्यात. हात रिकामे असले की तोंड चालतं, दुसरं काय! भांडगावच्या आमच्या शूटिंगच्या शेडमदी आदी पाच लाईटमन हुतो. आता केंदूरचा शंकर आन् मी, दोघंच उरलो. आन् शेठनं तोंडावर सांगून टाकलंय, "ह्यो पिच्चर नुसत्या भिंतीवर निघाला, तर शंकरला सुट्टी."

भिंत म्हंजी घराएवढा टीव्ही, अर्धा गोल वाकवलेला. त्यावर डोंगर लावा न्हाईतर दर्या लावा, पुढं उभ्या नटाच्या तोंडावर त्याचाच उजेड पडतो. मग दिवे नकोत, आन् दिवे उचलणारे बी नकोत.

०

पयल्याच दिवशी भिंतीवर जंगल लावलं. जंगल हिरवंगार, तर म्होरं उभा हिरोबी हिरवागार!

डायरेक्टर वरडला, "ह्याला कावीळ झालीय का?"

शंकर म्हणला, "कावीळ पिवळी असती साहेब. ह्यो कच्चा हाय."

शेवटी शंकरचाच दिवा लावला, तवा हिरो पिकला. गडी त्या दिवशी शिट्टी वाजवत जेवला. म्हणला, "आबा, भिंतीला आपली गरज हाय!"

पण मला ह्या धंद्याची चाल ठावी हाय.

०

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवरच्या तन्मयनं भिंतीवरच, कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या कोपऱ्यात, एक पांढरा चौकोन काढला. नुस्तं बोट फिरवलं. हिरोचं तोंड लख्ख!

डायरेक्टर म्हणला, "शंकरमामा, तुमचा दिवा बंद करा."

शंकरनं दिवा बंद केला. लई येळ त्या चौकोनाकडं बघत बसला. मग तन्मयला इचारलं, "ह्यो जेवायला कवा जातो?"

तन्मय हसला. शंकर न्हाई हसला.

०

मग उन्हाळ्याचा सीन. भिंतीवर वैशाखातलं रान, भेगाळलेलं. पण भिंत तापू नये म्हणून शेडमदी एसी असा सोडलेला, की हिरॉईनचे दात वाजत हुते. हातावर काटा आलेला.

डायरेक्टर म्हणला, "मॅडम, ऊन लागतंय असं दाखवा!"

बाई रडकुंडीला आली. "आबा, कसं लागतं हो ऊन?"

म्हणलं, चला. हायवेच्या कडंला उभी केली तिला. भर दुपार. लालबुंद झाली, घाम आला, डोळे बारीक झाले. तशीच पळवत आत आणली. म्हणलं, घ्या शॉट!

डायरेक्टरनं तिच्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. म्हणला, "हे ऊन मॅच होत नाही."

०

एकदा डायरेक्टरच्या ध्यानात आलं, भिंतीवर सूर्य हाय पण हिरोची सावलीच पडत न्हाई. तन्मय म्हणला, "सगळीकडून मऊ उजेड येतो ना सर, त्यामुळं धड सावली नाही पडत."

शंकर मागनं म्हणला, "ज्याची सावली पडत न्हाई, त्याला आमच्याकडं काय म्हंत्यात ठावं हाय का?"

हिरोनं गळ्यातला ताईत चाचपला!

शंकरला वाटलं, आता तरी मोठा दिवा निघंल. पुसून तयार ठिवला, वायर जोडली, हातमोजे घालून उभा राह्यला. तन्मय म्हणला, "राहू द्या मामा. सावली नंतर टाकू."

नंतर टाकू! जसं काय भाजीत मीठ!

शंकरनं हातमोजे काढले आन् नीट घडी करून खिशात ठिवले.

०

मला का ठिवलं, ते बी सांगतो. मी हिरोच्या उंचीचा हाय. हिरो यायच्या आदी त्याच्या जागंवर उभं ऱ्हायचं. भिंतीचा उजेड माझ्या तोंडावर बघत्यात, बराबर झाला की मला हाकलत्यात आन् त्याला आणत्यात. जन्मभर दुसऱ्याच्या तोंडावर उजेड पाडला, आता ह्ये.

एकदा तन्मय म्हणला, "आबा, तुमचा चेहरा काय भारी दिसतोय!"

म्हणलं, "मग घे की शॉट."

"नको, सर ओरडतील."

०

पिच्चर संपला. नुसत्या भिंतीवर निघाला.

सेटवर आमाला नावानं कोण हाक मारत न्हाई. 'ए लाईट, हिकडं ये', 'लाईट कुठं मेला?' असंच. पाच असताना बी लाईट, एकटा असला तरी लाईट. गेटवरच्या बिहारी रामप्रवेशला तर शंकरचं दुसरं नावच ठावं न्हाई.

शंकर पिशवी घेऊन गेटवर आला. मी तिथंच बाकड्यावर हुतो. म्हणलं, "जेवून तरी जा."

म्हणला, "नगं. आबा, तुम्ही उभं ऱ्हावा." आन् मागं न बघता हायवेकडं चालू लागला.

पिशवी घेऊन कोण बाहेर पडलं की शेठला फोन करायचा, असा रामप्रवेशला हुकूम हाय. त्यानं पुण्याला फोन लावला. "साहब, लाईट चला गया."

शेठचा आवाज मला बाकड्यापातूर आला. "गया तो गया! जनरेटर लगा दे!"

रामप्रवेशनं फोन खिशात घातला. हायवेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग गेला आन् जनरेटर लावला.