पाथरीची टर्की आणि आमची चंपाषष्ठी

परभणीहून मानवतमार्गे पाथरीला जायचं असेल तर आता तासाभराचं काम आहे. मी गेलो ती नामांतराच्या आंदोलनाची वर्षं. आज कुठं बंद नाही ना, एवढं विचारून मगच एसटीत पाय ठेवायचा. एवढी काळजी घेऊन मी निघालो होतो एक टर्की आणायला. टर्की म्हणजे अमेरिकेतला एक अगडबंब कोंबडा.

आमच्या माडीवर रूथ नावाची अमेरिकन मुलगी भाड्यानं राहायची. ज्वारीवर संशोधन करायला आली होती. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो, त्यामुळं परभणीतला अमेरिकेचा वकील मीच, असा माझा समज होता. एका जुन्या अमेरिकन कॅलेंडरवरून मी तिकडचे सगळे सण पाठ केले होते. सप्टेंबरात त्यांचा कामगार दिन म्हणून मी तिला हार घातला, तर ती पुरती गोंधळली. ऑक्टोबरअखेर त्यांच्या भुतांच्या सणाला भोपळ्यावर डोळे-दात कोरून तो तिच्या दारात ठेवला. दुपारपर्यंत बायकोनं त्याचे घारगे केले.

नोव्हेंबरात मात्र रूथ गप्प गप्प झाली. एक दिवस तिनं खाटेखालची सूटकेस बाहेर काढली आणि पुढच्या आठवड्यात घरी परत जाते, असं बायकोला सांगितलं. तिची ज्वारी अजून कमरेएवढी पण नव्हती. आत्ता गेली असती तर सगळी मेहनत पाण्यात. मी लगेच कॅलेंडर उघडलं. नोव्हेंबरातला चौथा गुरुवार, थँक्सगिव्हिंग! सगळं घर एकत्र बसतं आणि टर्की खातं. पोरीला टर्की मिळाली की पोर थांबेल, असं माझं निदान होतं.

बुधवारी सकाळी निघालो. बायको म्हणाली, उद्या घरात लय काम आहे, लवकर या. मी न ऐकताच मान हलवली. मानवतला कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, त्यामुळं बस तासभर जागची हलली नाही. स्टँडवरची भजी मात्र झकास. तेवढ्यासाठी आजही थांबायला हरकत नाही. पाथरीत कादरभाई नावाचे एक शौकीन गृहस्थ तऱ्हेतऱ्हेचे पक्षी पाळतात, असं ऐकलं होतं. टर्की खायला पाहिजे म्हटल्यावर त्यांनी मला खालून वर न्याहाळलं.

"साहेब, हे खायाचं जनावर न्हाई. शौकाचं हाय."

"एका परक्या मुलीसाठी पाहिजे," मी म्हणालो. ते विरघळले आणि वर म्हणाले, नाही जमलं तर परत आणा, पण उपाशी ठेवू नका.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं टर्कीचं अर्धं तिकीट फाडलं. झरीच्या एका आजीनं हा कुठला मोर म्हणून विचारलं. मी तिला अमेरिकेचा इतिहास सांगायला लागलो, तेवढ्यात टर्कीनं डालग्यातून मान काढून माझ्या पँटचा लचका तोडला. आजीला मोर आवडला.

दारात बायको उभीच होती.

"खंडोबाचा घट बसलाय घरात, उद्या चंपाषष्ठी हाय, अन् तुमी हे काय घेऊन आलाव?"

साता समुद्रापलीकडचे सण मला तोंडपाठ होते, अन् घरच्या कुलदैवताचा दिवस मी विसरलो होतो. टर्की अंगणात पेरूच्या झाडाला बांधली गेली. माडीवर सूटकेस भरल्याचे आवाज येत होते, आणि माझ्याजवळ आता काहीच उपाय उरला नव्हता.

चंपाषष्ठीला आमच्याकडे वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे. चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगं त्या दिवशी पुन्हा ताटात येतं, म्हणून जेवायला पंधरा-वीस माणसं. नैवेद्याचं बाजूला काढून झालं होतं. रूथ निरोप घ्यायच्या तोंडानं खाली आली, तेव्हा बायकोचे दोन्ही हात पिठात होते.

"रूथ, ती वांगी भाज अन् सोल बरं," ती मान वर न करता म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुण्या मुलीला, तेही तिच्या सणाच्या दिवशी, चुलीपुढं बसवायचं! मी मध्ये पडलो, तर रूथनं मला हातानं बाजूला केलं. तासाभरात तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते, दोन बोटं भाजली होती आणि ती रडत होती. धूर असेल, असं मी म्हणालो. ती तिच्या मोडक्या मराठीत बायकोला म्हणाली,

"घरी या दिवशी बटाटे मी कुस्करते. दर वर्षी मीच. इथं तीन महिने मला कुणी काम नाही दिलं."

बायकोनं आणखी सहा वांगी तिच्यापुढं सरकवली.

संध्याकाळी सूटकेस खाटेखाली गेली. रूथ ज्वारी काढेपर्यंत राहिली. टर्की घेऊन मी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाथरीला गेलो आणि कादरभाईंनी ती ठेवून घेतली.

आता विचार केला की लाज वाटते. त्या मुलीला मी तिच्याच देशाचे सगळे सण समजावून सांगितले, पण या दिवशी घरी तू काय करतेस, एवढं एकदाही विचारलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे कुणी आलं की चहाआधी मी त्याच्यापुढं निवडायला मेथीची जुडी ठेवतो. बायको म्हणते, यांना कशाचाच अंदाज नाही. पण माणसं पुन्हा येतात.