आईची ‘जायची’ साडी

माझ्या आईचे मरणाचे कपडे मी लिलावात विकले. आई तेव्हा लिलावापासून तीस पावलांवर चहात साखर घालत होती.

आई एक्क्याऐंशी वर्षांची. नर्स म्हणून निवृत्त झाली, त्यामुळे मरणाबद्दल ती एसटीच्या वेळापत्रकासारखं बोलते. “मी काय मरत नाहीये, घरी चाललेय. प्रभूकडे. उगाच रडारड नको.” या प्रवासाची तिची तयारी पूर्ण होती. येवल्याहून स्वतः निवडून आणलेली, बारीक जरीकाठाची मोतिया रंगाची साडी, पांढरा रुमाल आणि लोकरीचे मोजे. (“तिकडं थंडी असते का, कुणी परत येऊन सांगितलंय?”) वर्षातून चार वेळा ती साडी गॅलरीत ऊन खायची. समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनी विचारायच्या, “काय आजी, लग्न वाटतं कुणाचं?” आई म्हणायची, “नाही, जायचंय.” कुठे, ते वहिनींनी कधी विचारलं नाही.

चर्चमध्ये हंगामाचा सण होता. या सणाला लोक पेरू, नारळ, कोंबड्या, केक, भरतकामाचे अभ्रे असं काहीबाही अर्पण करतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. आई चहाच्या व्यवस्थेसाठी आधीच गेली होती. जाताना मला म्हणाली, “सुधीर, कपाटातली खाकी पिशवी घेऊन ये. अर्पणाला द्यायच्या नव्या चादरी आहेत.”

कपाटात खाकी पिशव्या दोन होत्या. मी फोनवर बोलत होतो. जी हाताला लागली ती उचलली.

लिलावात खजिनदारांनी पिशवीतून साडी काढून उलगडली आणि बायकांमध्ये कुजबुज झाली. मला वाटलं, वा, कुणीतरी मोठ्या मनाने दिलीय. (साड्या मला फक्त ‘निळी’, ‘हिरवी’ आणि ‘छान आहे’ अशा तीनच प्रकारच्या दिसतात.) लिलाव थंड पडू नये म्हणून मीही दोनदा बोली चढवली. तिसऱ्यांदा चढवली असती तर साडी घरी परत आली असती. पण ऐनवेळी मी कच खाल्ली आणि साडी रूथमावशींना गेली. रूथमावशी म्हणजे आईची नर्सिंगपासूनची मैत्रीण आणि गेली चाळीस वर्षं बायकांच्या मंडळातली प्रतिस्पर्धी.

घरी आल्यावर आईने कपाट उघडलं. चादरी जागेवर होत्या.

“सुधीर, तू काय नेलंस?”

“पिशवी.”

“त्यात काय होतं?”

“चादरीच ना? पण लिलावात खाकी पिशवीतून साडी निघाली एक. छान गेली. रूथमावशींनी घेतली.”

आई खुर्चीत बसली. मोजे कुणी घेतले, एवढंच तिने विचारलं. मोजे चर्चच्या पाळकसाहेबांनी घेतले होते.

पुढच्या रविवारी रूथमावशी तीच साडी नेसून चर्चला आल्या आणि नेमक्या आमच्या पुढच्या बाकावर बसल्या. सव्वा तास आई स्वतःच्या अंत्यविधीकडे पाठीमागून बघत होती. चार बायकांनी मावशींना साडी कुठली म्हणून विचारलं. आईचा चेहरा मात्र उतरत गेला, आणि तो तसाच राहिला. संध्याकाळी ती जेवली नाही, तेव्हा मी घाबरलो. स्कूटर काढली आणि देवळाली कॅम्पला मावशींच्या दारात उभा राहिलो.

“मावशी, ती साडी आईची होती. माझ्याकडून चुकून आली.”

“हात्तिच्या. नेसणार होती का ती?”

“हो.”

“कधी?”

“तारीख ठरलेली नाही.”

“लग्न आहे का कुणाचं?”

“लग्न नाही. पण सगळे येतील.”

“मला नाही बोलावलं ते.”

“तुम्ही याल हो. त्याला बोलावणं नसतं. म्हणजे असतं, पण ते आईला असतं. वरून.”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीवर घडी घालून ठेवलेल्या साडीकडे. त्यानंतर त्या इतक्या हसल्या की मला त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “चल, मी पण येते.”

स्कूटरवर मागे बसून मावशी घरी आल्या आणि साडी आईच्या मांडीवर ठेवली. “एस्तेर, मला चौघींनी विचारलं साडी कुठली म्हणून. तुला त्या दिवशी विचारलं तर सांगणार कोण? हा? याला तर पिशवी ओळखता येत नाही.”

आई बराच वेळ काठावरून बोट फिरवत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “याचे पप्पा गेले तेव्हा घाईघाईत यानं जो दिसला तो शर्ट घातला त्यांना. चुरगळलेला. जन्मभर इस्त्रीशिवाय बाहेर न पडलेला माणूस. मला तेच दिसत राहतं.”

शर्ट मीच काढला होता, हे मला आठवत होतं. तिलाही आठवतंय, हे बारा वर्षांत कळलं नव्हतं. मी “चुकलो गं” म्हणालो. ती म्हणाली, “चहा टाक. रूथला साखर कमी.”

पुढच्या रविवारी आई ती साडी नेसून चर्चला गेली. सात जणींनी विचारलं. (मावशींना चौघींनीच विचारलं होतं, हे तिने मला वाटेत दोनदा सांगितलं.) आता ती सगळीकडे तीच नेसते. बारशाला, साखरपुड्याला, एकदा तर बँकेतही. ‘जायच्या’ साडीसाठी येवल्याला पुन्हा जायचंय, पण घाई नाही म्हणते.

मात्र माझ्यावरचा तिचा भरवसा कायमचा उडाला. तिने माझंही पुडकं करून ठेवलंय. माझ्या लग्नातला पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा. परवा घालून बघायला लावला. पोटावरची तीन बटणं लागेनात.

“असा जाणार आहेस का देवापुढं?” आई म्हणाली. “आधी पोट उतरव.”

तेव्हापासून रोज सकाळी गोदेकाठी चालायला जातो. शर्ट अंगात बसला की माझी तयारी पूर्ण, असं आईचं म्हणणं. म्हणून मी जरा हळूहळूच चालतो.