नळी स्वच्छ निघेपर्यंत

माझ्या लघवीची बाटली हे छत्रीच्या आड धरून न्यायचे. ऊन असो की पाऊस, डॉक्टरांकडे जायचं म्हटलं की छत्री हवीच. कचेरीतला कारकून बायकोची लघवी घेऊन भर बाजारातून चालला आहे, हे कुणाला कळलं तर काय घ्या, या धास्तीने ते इतके तिरपे तिरपे चालत की ज्याचं लक्ष जायचं नाही त्याचंही जाई. मी चार पावलं मागून. एरवी मला हसू आवरलं नसतं. त्या दिवसांत हसू कुठे गेलं होतं कोण जाणे.

आमचं बिऱ्हाड तेव्हा रत्नागिरीत, समुद्राच्या अंगाला. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा शेवटी शेवटी माझं तोंड आणि पाय सुजले. पोटुशी बाई सुजायचीच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मुलगी झाली, ती गेलेलीच. बायका म्हणाल्या, होतं असं, पुढच्या खेपेला सगळं नीट होईल. मीही तेच धरून बसले होते. पण महिने उलटले तरी संध्याकाळी पाय जड व्हायचे, म्हणून यांनी मला मुंबईला शिकून आलेल्या एका डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी काचेच्या नळीत लघवी घेतली आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरली. ती तापली आणि वरचा भाग हळूहळू पांढरा होत गेला. अंड्यातला पांढरा बलक शिजताना होतो, तसा. डॉक्टर म्हणाले, जवळजवळ तोच पदार्थ आहे हा. तो रक्तात राहायला हवा. तुमची मूत्रपिंडं तो गाळून बाहेर टाकताहेत. मूत्रपिंड हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आपल्या पोटात असं काही आहे आणि ते बिघडलं आहे, या दोन्ही बातम्या मला एकदमच मिळाल्या.

"मला काही दुखत नाही हो," मी म्हटलं. जणू दुखत नाही हे पटवून दिलं की ते माघार घेतील.

"दुखत नाही हेच वाईट," डॉक्टर म्हणाले. "पण सुरुवातच आहे. मीठ अजिबात बंद. मासळी बंद, डाळी बंद. दूध-भात खा. आणि ही नळी स्वच्छ निघेपर्यंत दुसऱ्या बाळाचा विचार करायचा नाही. बाळाबरोबर तुम्हीही जाल."

त्या दिवसापासून हे ओटीवर निजू लागले. स्वतःच आपलं अंथरूण उचलून नेलं. त्यांनी ते माझ्यासाठी केलं हे मला कळत होतं. तरी आत एकटी पडून मी उशीत तोंड खुपसून रडत असे.

मिठासाठी माणसं तुरुंगात गेली, त्याच्या पुढच्याच वर्षीची ही गोष्ट. आळणी खाणं म्हणजे काय, ते खाल्ल्याशिवाय समजायचं नाही. पहिले काही दिवस निश्चयाचे असतात. मग भात तोंडात नुसता फिरत राहतो. शेजारी कुणी बांगडा भाजला की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि बांगड्यासाठी रडते याची लाज वाटून आणखी यायचं. डाळ नाही, लोणचं नाही, पापड नाही. मी बारीक होत चालले आणि पाय मात्र सुजतच होते. नडगीवर अंगठा दाबून धरायचा आणि उचलायचा. खळगा राहिला की समजायचं, आहे. तो दर संध्याकाळी राहायचा. बाजूची बाई बाळाला न्हाऊ घालायला लागली की मी मागच्या दारी जाऊन उभी राहायचे.

सासूबाईंना माझं जेवण बघवत नसे. जिभेने त्या तिखट होत्या, पण माझ्या पथ्यात त्यांनी कसूर केली नाही. माझा टोप वेगळा, पळी वेगळी. मिठाची बरणी त्यांनी चुलीपासून लांब फळीवर नेऊन ठेवली. माझं अन्न शिजत असताना त्या मिठाला हात लावत नसत आणि कुणाला लावू देत नसत. आणि एवढं आळणी या पोरीच्या घशाखाली उतरायचं कसं, म्हणून नारळाचा रस काढून, कोकमाचं आगळ घालून वाडगाभर सोलकढी मला दोन्ही वेळा द्यायच्या.

"तेवढा तरी पी गो बाय," म्हणायच्या. "मीठ नाय हो घातलेला, देवाशपथ."

खरंच घातलेलं नसे. मी वाडगा तोंडाला लावायचे. दिवसभरात जिभेला जाग यायची ती तेवढीच. कधी नुसत्या पाण्यात आगळ घालून प्यायचे. सगळं गोड लागायचं बंद झालं, पण आगळाची चव काही जात नाही, याचं मला नवल वाटायचं. त्या आंबटावर मी सगळा हिवाळा काढला.

प्रत्येक वेळी नळी पांढरीच निघे. एकदा डॉक्टरांनी चष्मा काढून विचारलं, "बाई, मीठ खाता का?" मी शपथ घेतली. त्यांनी यांच्याकडे पाहिलं. वाटेत यांनी हलकेच विचारलं, "चोरून खात नाहीस ना?" मी रस्त्यातच थांबले. मी म्हटलं, "उद्यापासून तुम्ही कचेरीत जाऊ नका, चुलीपाशी पहारा करा." ते खजील झाले. पण मला त्यांचाही राग येत नव्हता, इतकी मी खचले होते. सांगितलं ते सगळं करूनही अंग ऐकत नसेल तर माणसाने जायचं कुठे? सासूबाई गणपतीपुळ्याला जाऊन नवस बोलून आल्या. मला नवसाचाही आधार वाटेनासा झाला होता. आपण अशाच संपणार, मागे काहीच न ठेवता, हे एकच मनात घोळत असे.

मे महिन्यात कोकमाचे रतांबे आले. पाटी भरून परसात ओतले आणि आम्ही दोघी फोडायला बसलो. हात कोपरापर्यंत लालभडक. फोडलेलं फळ बरणीत घालायचं आणि त्यावर मिठाचा थर द्यायचा. मिठाने सुटतो तो रस म्हणजे आगळ. लहानपणापासून दर वर्षी मी हे करत आले होते.

"मीठ घाल सढळ हातान," सासूबाई म्हणाल्या, "नायतर वर्षभर टिकायचा नाय."

मी ओंजळ भरून मीठ घातलं. दुसरी ओंजळ भरली आणि ती बरणीवर तशीच राहिली. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या माझ्या हातांकडे बघत होत्या.

आम्ही दोघी वेड्या नव्हतो. पण आमच्या लेखी मीठ म्हणजे शिजताना टोपात पडतं ते. आगळ आंबट. त्याला कुणी खारट म्हणत नाही. चिंचेत मीठ आहे का, असं कुणी विचारतं का, तसंच ते. साऱ्या कोकणात कुणालाही विचारलं असतं तरी त्याने सोलकढी आळणीच म्हटली असती.

सासूबाई उठल्या, घरातली जुन्या आगळाची बरणी उचलून आणली आणि माडाच्या मुळाशी पालथी केली. मग नवीही केली. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या जेवणातलं मीठ सोडलं. मी रागावले, यांनी समजावलं, त्या ऐकेनात.

आणि मला आनंद झाला होता. इतका की सासूबाईंसमोर तो लपवावा लागे. म्हणजे माझी मूत्रपिंडं वाईट नव्हती. पथ्य पाळूनही बरी होत नव्हते असं नव्हतंच, कारण पथ्य पाळलंच गेलं नव्हतं. आता पाळेन. आगळ सुटलं तसे पाय खरोखर हलके होऊ लागले. घोट्याचं हाड दिसू लागलं, जोडवी सैल झाली. मी मनात बारसंसुद्धा करून टाकलं. दुसरीकडे सासूबाई वाळत चालल्या होत्या. माझ्या नातवंडाला मीच आडवी आले, असं त्या शेजारणीला सांगताना मी ऐकलं होतं.

श्रावणात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. यांनी आगळाचं सगळं सांगितलं. माझे पाय बघून डॉक्टर खूश झाले. मी म्हटलं, नळी मला बघायची आहे. दिव्यापाशी जाऊन उभी राहिले. पाणी तापलं, बुडबुडे आले, आणि वरून हळूहळू पांढरं उतरायला लागलं. पहिल्या दिवशी होतं तेवढंच.

"मीठ सुटलं म्हणून सूज गेली," डॉक्टर म्हणाले. "सूज मिठाची होती. दुखणं मिठाचं नाही. ते आधीपासून आहे, आणि इतके दिवस झाल्यावर ते आता जाईल असं मला वाटत नाही. जपून राहिलात तर पुष्कळ वर्षं काढाल. मूल मात्र नको."

हे खाली बघत होते. मी काय केलं ते मला आठवत नाही. बहुधा नमस्कार करून बाहेर आले असेन.

घरी सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. आधी त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "काय बोल्ले?" त्यांनी विचारलं. हे सरळ आत निघून गेले. मला वाटत होतं, काहीच सांगू नये. आगळाचा दोष आहे तोवर माझ्या बरं होण्याला जागा आहे. पण त्यांच्या मनगटाची हाडं वर आली होती.

"आई," मी म्हटलं, "तुमच्या आगळाचं काही नव्हतं. ते प्यायले नसते तरी नळी अशीच निघाली असती. डॉक्टर म्हणाले."

त्यांचा चेहरा क्षणभर सैल झाला. मग त्यांना कळलं.

"म्हंजे मग मूल..."

"नाही."

त्या माझा हात धरून मला शेजारी बसवत म्हणाल्या, "माझीच चूक असती तर बरा झाला असता गो."